शिवदासला पाणी उठवतं

थळात कुणालाही विचारा, हरेश्वरची होडी कुठची, लगेच बोट दाखवतील. स्वातंत्र्य मिळालं त्या साली मी ती पाण्यात घातली. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्यासारखं जाळं लावणारा अख्ख्या किनाऱ्यावर न्हाय. हाय तो एकच, माझा धाकटा भाऊ शिवदास. त्यालाही मीच शिकवला.

आम्हा कोळ्यांची सकाळ सूर्यावर न्हाय, पाण्यावर. भरती आली, होडी तरंगली की निघायचं. म्हणून आमची सकाळ रोज थोडी पुढं सरकते. घरात घड्याळ न्हाय. शिवदासला जाग आली म्हणजे पाणी आलं समजायचं. उठला की मशेरी, मग कोरा चहा, त्यात बुडवून तांदळाची भाकर, मग कमरेला रुमाल. त्याची गाठ बसली की कोळी समुद्रावर जायला तयार.

शिमग्याआधी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. अलिबागचा डॉक्टर मी घरात आणून बसवला; थळात आधी कुणी आणला होता? डॉक्टर म्हणाला, आता समुद्र विसरा. मी शिवदासला ते सरळ सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं नि अन्न सोडलं.

मग एका भरतीला तो उठला नि डाव्या हातानं मशेरी मागितली. त्याची बायको कोकिळा धावली. चहा घेतला, भाकर खाल्ली. रुमाल मी बांधला.

"दादा, पानी आलं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "न्हाय रं. ओहोटी हाय, होडी चिखलात बसलीय. पड जरा."

पडला. पण पोटात भाकर गेली होती.

तेव्हापासून रोज तेच. खलाशांना मी बजावलंय, निघताना हाका मारायच्या न्हाईत. कोकिळा म्हणते, "दादा, खोटं बोलन्यातसुदिक तुमचा गावात पयला नंबर."

आज उधाण होतं. पाणी पार ओट्याला लागलं, शिंतोडे तिथं बसलेल्या शिवदासच्या पायावर आले.

"दादा, पानी आलं?"

दुसरं काय बोलणार? "ओहोटी हाय," मी म्हणालो.

कोकिळेनं पदर तोंडाला लावला. शिवदासनं ओल्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं. ज्याला पाणीच उठवतं, त्याला इतके दिवस मी ओहोटी सांगत होतो.

"व्हय," तो म्हणाला. "ओहोटी हाय."

मग डाव्या हातानं त्यानं रुमालाची गाठ सोडायला घेतली. सुटेना. मी शेजारी बसून हात लावला. एवढा मी हरेश्वर, पण माझ्याही बोटांना ती सुटली न्हाय.