चंडोल आणि खाली राहिलेला हात

आज माळावरून आल्यावर मोज्यांत घुसलेली कुसळं काढत बसलो होतो. दवात भिजलेल्या गवताचा वास आला आणि फार वर्षांपूर्वीची, त्याच अंबडमागच्या माळावरची एक सकाळ आठवली.

आम्ही हौशी मंडळी पक्षी आवाजावरून ओळखायचो आणि नोंदी अभ्यासकांना पाठवायचो. रीत ठरलेली होती. बाहेर तोंड करून गोलात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि आवाज येईल तिकडे हात करायचा. शिट्टी झाली की डोळे उघडून कुणाचा हात कुठे आहे ते पाहायचं.

त्या दिवशी वर आभाळात चंडोल गात होता. डोळे उघडले, तर सगळ्यांचे हात वर. खाली होता तो फक्त दामूकाकांचा, ज्यांनी आम्हाला हे सगळं शिकवलं त्यांचा. त्यांची हयात कारखान्यातल्या खडखडाटात गेली होती.

"काका, चंडोल!" मी म्हणालो.

काकांनी आमच्या हातांकडे पाहिलं आणि हळूच आपलाही हात वर केला. "हां, हां. ऐकला की."

त्यानंतर ते कधी माळावर आले नाहीत.

आता मी त्यांच्या वयाचा झालोय. आज सकाळी डोळे मिटले, तर चंडोल ऐकूच येईना. शिट्टी झाली तरी डोळे उघडायचा धीर होईना. शेवटी उघडले, तर एकाचाही हात वर नव्हता.

आपले कान शाबूत आहेत, म्हणून केवढं बरं वाटलं! मग गवतात रोवलेले प्लॉटचे दगड दिसले.

काकांच्या वेळी निदान वर चंडोल तरी होता.