ठोकळेबाईंचा घसा बसला

शाळेत त्यांना ठोकळेबाई म्हणत. नाव पोरांनी ठेवलेलं आणि बाईंनाही ते मनातून आवडायचं. भूमितीच्या तासाला त्या लाकडी ठोकळ्यांची पिशवी घेऊन येत, टेबलावर मनोरा रचत आणि म्हणत, "मागून कसा दिसेल? काढा." सातवीत याचीच चाचणी व्हायची आणि कार्यशाळेच्या, म्हणजे सुतारकामाच्या, वर्गात कोण जाणार ते तिच्यावर ठरायचं. दर वर्षी तिथे जवळपास सगळे मुलगेच.

बाई मायाळू. चाचणीआधी मुलींच्या रांगेपाशी थांबून न चुकता सांगायच्या, "पोरींनो, नाही जमलं तर जिवाला लावून घेऊ नका हं. याला मुलांचं डोकं लागतं." त्यांच्या लहानपणी त्यांच्या बाई हेच सांगायच्या. आपण स्वतः बाईमाणूस असून भूमिती शिकवतो, हे यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. कमाल आहे की नाही!

यंदा वर्गात त्यांची सख्खी भाची होती. पोरीला सुतारकामाचं वेड, पण सराव चाचण्यांत सपाटून आपटलेली. आणि ऐन चाचणीच्या दिवशी बाईंचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा! त्यांनी सूचना फळ्यावर लिहिल्या, ठोकळे मांडले आणि खुर्चीत बसून राहिल्या.

पेपर तपासताना बाई चक्रावल्या. मुली मुलांच्या बरोबरीने होत्या आणि भाची तर अगदी वरच्या मुलांत. हेडमास्तरांना वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

"बाई, भाची तुमची, पेपरही तुमचा. उद्या मी स्वतः चाचणी घेतो."

बाई धास्तावून घरी आल्या. घोगऱ्या आवाजात भाचीला विचारलं, "खरं सांग, कुणाचं बघून लिहिलंस?"

भाची भडकली. "मी कशाला बघू? आत्या, तू दर वेळी ते मुलांच्या डोक्याचं बोलतेस. मग पेपरभर माझ्या डोक्यात तेच घुमत राहतं. या वेळी तू बोललीच नाहीस, तर मला सरळ ठोकळे दिसले."

बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर नवा मनोरा रचून मुलींकडे वळले. तेही तसे प्रेमळच.

"हे बघा मुलींनो, तुम्हाला हे जरा..."

"सर!" बाई बसल्या घशाने केवढ्यांदा तरी ओरडल्या. वर्ग दचकला. "पेपर वाटा. बाकी काही सांगू नका."

सर गोंधळले, पण त्यांनी पेपर वाटले. दुपारी स्वतःच तपासले आणि चष्मा काढून म्हणाले, "घ्या. भाची गेली कार्यशाळेत. आणखीही बऱ्याच मुली आहेत बरं का."

बाईंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. त्या खुर्चीत बसल्या आणि सगळ्यांदेखत रडू लागल्या.

"अहो, आता कशाला रडता?"

"आधीच्या पोरी आठवल्या, सर."

बाहेर भाची मैत्रिणींबरोबर नुसती उड्या मारत होती. बाईंनी डोळे पुसले आणि हसत तिच्याकडे गेल्या.