रिकामा पाट

बायको गेली तेव्हा तिच्या उशाखाली गावच्या वाचनालयातली कादंबरी निघाली. ती सातवी शिकलेली, मी तिसरी. दुपारी वाचता वाचता मधेच मला काहीबाही विचारायची. त्या गोष्टीतली बाई नवऱ्याला वाढताना शेजारी रोज एक रिकामा पाट मांडते. "का वं मांडत आसंल?" हिनं विचारलेलं. मी म्हणालो, "मला काय ठावं. तू चा टाक."

ते डोक्यातनं जाईना. दोन महिने अक्षर लावत पुस्तक वाचलं आणि निमगाव केतकीहून यष्टीनं जळोचीला पुतणीकडं गेलो. ती बारामतीच्या कॉलेजात मराठी शिकवते.

"तात्या, पाट हे प्रतीक आहे," ती म्हणाली. "तिच्या एकटेपणाचं."

"प्रतीकावर बसता येतं का?"

"तेच तर. तू बस, असं नवरा एकदाही म्हणत नाही. माणूस वाईट नाही तो. पीत नाही, मारत नाही. फक्त बघत नाही."

मी पण कधी हात उचलला नाही. पण चाळीस वर्षं ही माझं झाल्यावर माझ्याच ताटात जेवली. गार.

मी पुस्तक पुढं केलं. कडेला पेन्सिलीच्या फुल्या होत्या, सगळ्या त्या नवऱ्याच्या बोलण्यापुढं.

"काकूंना ही वाक्यं आवडली असतील," पुतणी म्हणाली. "आम्हीपण अशा खुणा करतो."

शिकलेल्यांना डाळिंबाची निवड कुठली ठाऊक. आमच्या शेडात ही खडू घेऊन बसायची. तेल्या रोगाचे डाग पडलेला माल ज्या क्रेटात, त्यावर फुली. ते क्रेट बाजारला जायचं नाही. मी तिला हे सांगितलं.

पुतणीनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "तात्या, गोष्टीतला माणूस म्हणजे तुम्ही नव्हे."

"न्हाय ना. त्याची बायको शेवटच्या पानापर्यंत जित्ती हाय. त्याला 'तू बस' म्हणता आलं आसतं."

तेवढ्यात जावई हातपाय धुऊन आला. पुतणीनं दोन ताटं वाढली, त्याला आणि मला, आणि तव्याकडं गेली.

"तू बस की," मी म्हणालो.

"तुम्ही घ्या जेवून. मी मागनं बसते."

जावयानं मान वर केली नाही. मला भूक लागली होती. पोळ्या गरम होत्या, मी चार खाल्ल्या.