मावशीचं मनगट

बौद्धिक दिव्यांगांच्या केंद्रात नव्या मदतनिसाने, सगळे ज्याला पैलवान म्हणत त्या रहिवाशाची खुर्ची खिडकीपासून हलवली, आणि चाळिशीच्या पैलवानाने आडव्या आलेल्या, त्याला सांभाळणाऱ्या मावशीच्या मनगटात दात रुतवले. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. मदतनिसाने झाडू उगारला.

"त्याला मारलंस तर याद राख," मावशी म्हणाली. तिने मनगट ओढलं नाही, उलट आत दाबलं. ओढलं की मांस तुटतं, दाबलं की जबडा सुटतो. तो सुटला.

"आता याची रवानगी कुलपातल्या इस्पितळात. पुन्हा चावला तर पाठवायचं, असं केंद्राच्या साहेबांनी बजावलंय ना?"

"म्हणूनच तोंड शिव. आधी खुर्ची जागेवर ठेव, शहाण्या."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय चावलं?"

"कुत्रं," मावशी म्हणाली.

"मग इंजेक्शनं घ्यावी लागतील. सगळी."

मावशीने दुसऱ्या हाताची बाही वर केली.