तम्मण्णाचा पहिला निर्णय

वडगावचा विणकर तम्मण्णा बरीच वर्षं गल्लीतल्या फुटबॉल क्लबाचा गोलकीपर होता. १९३८च्या पावसाळ्यात क्लब सारखा हरू लागला आणि गल्लीच्या पंचांनी एकामागून एक तीन मॅनेजर काढले. चौथा कुणी तयार होईना, म्हणून सुबराव पंचांनी तम्मण्णालाच गळ घातली.

पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "सुबरावअण्णा, मॅनेजर लई बदललासा. आता गोलकीपर बदलूया. माझ्या गुडघ्यात जीव न्हाय ऱ्हायला. समद्यांस्नी ठावं हाय, बोलत कोण न्हाय."

'तसं काय न्हाय' असं एकानंही म्हटलं नाही, तेवढं मात्र त्याला लागलं.

पुढच्या रविवारी खानापूरकरांशी बरोबरी झाली. नव्या गोलकीपरला बाहेरून ओरडून ओरडून तम्मण्णाचा घसा बसला. त्या वर्षी मॅनेजर पुन्हा बदलला नाही.