गिटारवाल्याचं नाव

दीपा मिशी काढत नसे. टेम्पोच्या आरशात बघून मिशीला पीळ द्यायची, मग नाकात नथ अडकवायची आणि नऊवारीवर काळं जाकीट चढवून स्टेजवर जायची. "दीपा म्हणा न्हाईतर दिलीप, मी दोन्हीला ओ देते," हे तिचं ठरलेलं. मानवतच्या आमच्या ऑर्केस्ट्रात ती गायची, मी गिटार वाजवायचो.

पहिल्या गाण्याआधी ती माइकवर प्रत्येक वाजवणाऱ्याचं नाव घ्यायची. लोकांनी शिट्ट्या मारल्या तरी एकही गाळायची नाही. "नाव न घेता वाजवून घेतलं तर ती वेठबिगारी झाली की, मास्तर."

आमच्यात नुसती गाणी नव्हती. एवढंही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कचेरीत नोकरी लागली, लग्न ठरलं आणि मी तिला रस्त्यात ओळख देणं बंद केलं.

वीस वर्षांनी कळलं, परभणीची पोरं तिच्यावर सिनेमा करायलेत. गाणी सगळी गिटार-ड्रमवरची आणि तिचं काम तीच करणार. माझ्या मुलीची सोयरीक तेव्हा नुकतीच वालूरला जमली होती. दीपा आता सगळं सांगून सूड उगवणार, असं मी धरूनच चाललो. जुन्या ढोलकीवाल्याला तीनदा फोन करून खोदून विचारलं. तो हसला. त्या हसण्याचाही मला संशय आला.

शेवटी पालमला तिच्या घरी गेलो. चहाला हात लावला नाही. माझं नाव कुठं यायला नको, एवढंच म्हणालो. ती तूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, "लय भ्यायलाव, मास्तर. बरं, न्हाई घेत."

तरी विश्वास बसेना. सिनेमाच्या पहिल्या खेळाला पुढच्या रांगेतल्या खुर्चीचं बोलावणं आलं, तेव्हा तर हा डावच आहे अशी खात्री पटली.

मंगल कार्यालयातल्या पडद्यावर दीपा माइक घेऊन उभी राहिली. ड्रमवाल्याचं नाव घेतलं, ढोलकीवाल्याचं, कोरसमधल्या पोरींचंसुद्धा. मग गिटार वाजली. चाल मी बसवलेली. ती संपेपर्यंत दीपा ओठ मिटून उभी होती.

नंतर दारात ती सगळ्यांना भेटत होती. नेमके माझे व्याहीही आले होते, माझ्याच शेजारी उभे. तिनं हात जोडले.

"या साहेब. कसा वाटला आमचा सिनेमा?"

"छान," मी म्हणालो. "तुम्ही कुठल्या?"

"पालमची," ती म्हणाली आणि मागच्या माणसाकडे वळली.

मागच्या महिन्यात दीपा वारली.

गिटारवर मी होतो. प्रभाकर.