सुलोचनाताईंचा उन्हाचा नकाशा

सुलोचनाताई पहिल्या दिवशी वर्गात शिरल्या तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. नव्या मॅडम असाव्यात असं वाटलं. त्या मात्र हसत माझ्या बाकाशी आल्या आणि म्हणाल्या, "बसा ना बाप्पा! मी बी तुमच्यातलीच आहे. सरक जराशी."

मी सरकले. तेव्हापासून दोन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो.

ताईंचं वय तेव्हा एकोणचाळीस होतं. नाचणगावात त्या अठरा वर्षं टपाल वाटत होत्या. ग्रामीण डाकसेवकाचं काम सकाळचं, चार-पाच तासांचं. अकराला थैली रिकामी झाली की घरी जाऊन भाकरी खायची, पुलगाव स्टेशन गाठायचं आणि मिळेल त्या गाडीने वर्ध्याला यायचं. आमच्या भूगोल आणि नियोजन विभागाचे एम.ए.चे तास दुपारी दीडला सुरू व्हायचे, म्हणून त्यांना हे जमलं. बी.ए. त्यांनी लग्नानंतर, मुक्त विद्यापीठातून केलं होतं. नवरा प्रेमदास रंगकाम करायचे. दीपमाला नावाची मुलगी दहावीत होती. एम.ए. कशाला करताय, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "गावात रोज फिरतो आपण, पण गाव असं काऊन बसलं आहे थे कोणी सांगत नाई. म्हटलं, शिकून पाहू." काऊन म्हणजे का; हा शब्द त्यांच्या तोंडी सतत असायचा.

पहिलं सत्र त्यांना जड गेलं. संगणकाचा माउस त्या असा धरायच्या की जणू तो पळून जाईल. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एकदा अख्खा वर्धा जिल्हा चुकून पुसून टाकला आणि घाबरून मला म्हणाल्या, "हर्षा, जिल्हा गेला!" मी तो परत आणून दिला. संध्याकाळच्या गाडीपर्यंत आम्ही प्रयोगशाळेत बसायचो. मी त्यांना संगणक शिकवायचे आणि त्या मला त्यांच्या डब्यातली जवसाची चटणी द्यायच्या. सौदा माझ्याच फायद्याचा होता.

खरी गोष्ट सुरू झाली दुसऱ्या सत्रात. विभागप्रमुख काळबांडे मॅडम उपग्रहाच्या चित्रावरून जमिनीचं तापमान कसं काढतात ते शिकवत होत्या. पडद्यावर देवळी तालुका होता, एप्रिल महिन्यातला. मॅडमनी एक लालभडक ठिपका मोठा करून दाखवला. "हे नाचणगाव. सगळं गाव जवळपास सारखंच तापलेलं आहे."

ताईंनी हात वर केला. "मॅडम, हे काही बरोबर वाटत नाई."

वर्गात खसखस पिकली. मॅडमनी शांतपणे विचारलं, "का बरं?"

"सिमेंट रोडनं गेलं तं चपलेतून चटका बसते. मागच्या बोळीतून गेलं तं त्याच वेळी अंग थंड राह्यते. मी रोज जातो ना. सगळं एका रंगाचं कसं होईन? अन् हा उपग्रह किती वाजता येते?"

"साधारण साडेदहाला."

"साडेदहाले कोणाले ऊन लागते, मॅडम? लोक दुपारी दोनले फिरतात. बँकेत, दवाखान्यात, बसवर."

आता कुणी हसलं नाही. मॅडमनी तो ठिपका आणखी मोठा केला. चित्रातला एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर, त्यात बोळ, झाड, छप्पर सगळं एकत्र मिसळून जातं, हे त्यांनी आम्हाला समजावलं. मग ताईंकडे वळून म्हणाल्या, "तुमचं म्हणणं पटतंय मला. पण म्हणून चालत नाही, मोजावं लागतं. तुमचा नकाशा तुम्ही आणा. हाच तुमचा प्रकल्प."

संध्याकाळी आम्ही दोघी एकाच गाडीने परतायचो. त्या दिवशी पुलगाव यायच्या आधी ताई म्हणाल्या, "तोंड उघडलं अन् काम वाढवून घेतलं पाह्य."

मे महिन्यात मी त्यांच्या घरी आठ दिवस राहायला गेले. विभागाने आम्हाला लांबूनच तापमान सांगणारं यंत्र दिलं होतं, कोरोनाच्या काळात कपाळावर रोखायचे तसलं. ताईंनी गावात शेहेचाळीस जागा नेमल्या. सकाळी नऊ (हे टपाल वाटता वाटताच), दुपारी बारा, दोन आणि चार, असं प्रत्येक ठिकाणी जाऊन जमीन मोजायची आणि वहीत लिहायचं. डोक्याला ओला दुपट्टा बांधून आम्ही निघायचो. पोस्टवाली बाई रस्त्याचा ताप पाहून राह्यली, ही बातमी पहिल्याच दिवशी गावभर झाली.

तानबा नावाचे एक म्हातारे ओट्यावर बसलेले असत. ऐंशीच्या पुढचे. आम्ही त्यांच्या दारासमोर जमीन मोजली की ते टोपी काढून कपाळ पुढे करायचे. "सुलोचना, माह्यावालं बी पाहून घे."

"अठ्ठ्याण्णव आहे बाबा. ठणठणीत आहा."

"मंग जमिनीले किती?"

"एकसष्ट. पण थे दुसऱ्या मापात."

"मरून जाईन थे जमीन," तानबा काळजीने म्हणाले.

पण याच तानबांनी आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट दिली. गावातून बसथांब्याकडे जायला पूर्वी मागून एक सलग बोळ होती, दोन्ही बाजूंनी कडुनिंब. सिमेंट रोड झाल्यावर लोक तिकडून जायचे बंद झाले, मध्येच एक गोठा पडला, त्यावर बाभळी माजल्या आणि बोळ दोन तुकड्यांत तुटली. पुढचं टोक सगळ्यांना माहीत, मागचंही माहीत, पण ती एकच वाट होती हे नव्या पिढीला ठाऊकच नव्हतं. अठरा वर्षं टपाल वाटणाऱ्या ताईंनाही नव्हतं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अन् मी वर्गात एवढी फुशारकी मारली!"

आम्ही टेपने मोजलं. बाभळीचा अडसर चाळीस फुटांचा होता, बस्स. दुपारी दोनला सिमेंट रोड एकसष्ट अंश आणि निंबाखालची माती एकोणचाळीस. बावीस अंशांचा फरक, आणि मध्ये चाळीस फूट काटे.

नकाशा करायला आम्हाला महिना लागला. ताईंचा हट्ट होता की एकच नकाशा नको, चार हवेत, चार वेळांचे. "सावली काही एका जागी बसत नाई. सकाळी या हाताले असते, दुपारून त्या हाताले." शेवटी कागदावर शेजारी शेजारी चार गावं उभी राहिली, प्रत्येकात थंड वाट निळ्या रेषेने काढलेली. वर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं होतं, कोणत्या वेळी कुठून जावं. मॅडमनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, "भोपाळला विद्यार्थ्यांची नकाशा स्पर्धा आहे. पाठवू या."

"मॅडम, तिथं सगळे शिकलेले येतीन."

"तुम्ही कोण आहात मग?" मॅडमनी विचारलं.

निवड झाली आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी भोपाळला गेलो. ताईंनी पोस्टाचा खाकी कोट नेला नाही, दीपमालाने निवडलेली मोरपंखी साडी नेसल्या. मोठमोठ्या शहरांतली मुलं इंग्रजीतून बोलत होती, त्यांचे नकाशे पडद्यावर फिरत होते, हलत होते. मग ताईंचा नंबर आला. त्या हिंदीतून बोलल्या, आपल्या वऱ्हाडी हिंदीतून. एका परीक्षकांनी विचारलं की फक्त आठ दिवसांच्या मोजणीवर एवढा भरवसा कसा ठेवता?

"साहब, नापा आठ दिन," ताई म्हणाल्या, "चली अठारह साल."

सभागृहात टाळ्या पडल्या. परीक्षकही हसले, पण लगेच त्यांनी सांगितलं की हिवाळ्यातली मोजणी नाही ही उणीव आहे. ताईंनी मान डोलावून ते वहीत लिहून घेतलं.

पहिलं बक्षीस चेन्नईच्या मुलांना मिळालं. ताईंना दुसरं. परतीच्या गाडीत मी जरा हिरमुसले होते. ताई म्हणाल्या, "त्या पोरांचा पुराचा नकाशा पाह्यला का तू? मस्त होता. त्याइलेच मिळाले पाह्यजे होतं."

बक्षिसापेक्षा मोठी संधी आठवडाभराने आली. त्याच परीक्षकांच्या नियोजन संस्थेने ताईंना दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. राहण्याखाण्याची सोय तिथेच. ताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि पिशवीत ठेवून दिलं. "टपाल कोण वाटीन?"

हा प्रश्न प्रेमदासभाऊंनीच सोडवला. डाकसेवकाला रजेत बदली माणूस देता येतो. "मी जातो बदलीवर," ते म्हणाले. "तू जाय. दीपमाला अन् मी करून घेऊ घरचं."

"तुमाले घरं माहीत नाईत."

"अर्ध्या गावाची घरं मीच रंगवली ना!"

झालं ते गमतीचंच. प्रेमदासभाऊंना घरं रंगावरून ठाऊक, आणि लोकांनी रंग केव्हाच बदललेले. पहिल्या आठवड्यात एक पत्र तीन दारं फिरून आलं. ताई रोज संध्याकाळी फोनवरून वाट सांगायच्या आणि भाऊ पाकिटाच्या मागे खुणा लिहायचे. पण दोन महिने त्यांनी एकही पत्र परत जाऊ दिलं नाही.

ताई परत आल्या त्या बोलण्यात नवे शब्द घेऊन, आणि जानेवारीची मोजणी करायचीच असा निश्चय करून. ती झाली. मग त्यांनी चारही नकाशे ग्रामसभेत भिंतीला लावले. बायकाच आधी उठून जवळ गेल्या, आपापलं घर बोटाने शोधायला लागल्या. तानबांना दोघांनी धरून पुढे आणलं. त्यांनी निळ्या रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हेच थे बोळ. माही वरात इथूनच आलती." बोळ मोकळी करायचा ठराव तिथेच झाला. पंधरा दिवसांत बाभळी निघाल्या, गोठ्याचा ढिगारा हलला, आणि जिथे सावली तुटत होती तिथे बावीस निंबाची रोपं लागली.

एम.ए.चा निकाल जूनमध्ये आला. प्रकल्पात ताई विभागात पहिल्या आणि सांख्यिकीच्या पेपरात जेमतेम पास. त्या दोन्ही आकड्यांवर सारख्याच हसल्या. मॅडमनी पेढे मागवले होते आणि सोबत एक बातमीही. कारंज्याहून एका सरपंचांचा फोन आला होता. महामार्गावरच्या थांब्यावर शाळेच्या मुली उन्हात उभ्या राहतात, तुमच्या त्या पोस्टवाल्या बाईंना पाठवाल का? विभागाने लहानसा प्रकल्प मंजूर केला आणि त्यात दोघींची नावं घातली, ताईंचं वर आणि माझं खाली.

परवा आम्ही पहिल्यांदा कारंज्याला गेलो. रविवार होता, टपालाला सुट्टी. ढाब्यावर चहा घेत असताना एका ट्रकवाल्याने ताईंना विचारलं, काय मोजताय? ताईंनी त्याला समोरच्या बाजेवर बसायला सांगितलं, वही उघडली आणि म्हणाल्या, "पह्यले तुमी सांगा भाऊ, या रोडवर दुपारी गाडी कुठं उभी करता? अन् थेच जागा काऊन?"

तो बाजेवर टेकला आणि सांगू लागला.